हो सर : लष्करी रग्बी संघाच्या ट्रायलचं एक प्रकरण

ट्रायल कॅम्पच्या पहिल्या संध्याकाळी माझ्या वहीत एका नावापुढे मी लिहिलं होतं, 'काहीही विचारा, हो म्हणतो.' लिहिताना ती शाबासकी होती. तिसऱ्या दिवशी निवडीच्या बैठकीत तीच ओळ मोठ्यानं वाचली, तेव्हा ती तक्रार वाटली.

हे प्रकरण त्या नावाचं. नाव देत नाही. तो ओपनसाइड फ्लँकर, म्हणजे समोरच्याला धरून पाडणारा (टॅकल) आणि बॉल हिसकावणारा गडी, पाठीवर ७ आकडा, म्हणून इथं त्याला सात नंबर म्हणतो. वय २४, हुद्दा कॉर्पोरल, युनिटच्या संघातून चार हंगाम खेळलेला, दलाच्या संघासाठी पहिलीच ट्रायल. मी फॉरवर्ड्सचा, म्हणजे पुढच्या आठ जणांचा, साहाय्यक प्रशिक्षक आणि तिघांच्या निवड समितीतला सर्वांत हलका माणूस. मुख्य प्रशिक्षक मेजर होते. तिसरे संघाचे मॅनेजर. फिजिओ मॅडमना मत नव्हतं, पण 'हा खेळणार नाही' एवढं म्हणायचा अधिकार होता आणि त्यावर अपील नव्हतं.

दलांच्या रग्बीला मोठी परंपरा आहे, आणि ट्रायलला येणारा प्रत्येक जण ती डोक्यात घेऊनच येतो. इंग्लंडमध्ये भूदल आणि नौदल यांचा पहिला सामना १८७८ साली ओव्हलवर झाला, १९०७ पासून तो वार्षिक झाला, १९२० मध्ये हवाई दल आलं आणि तिघांची स्पर्धा उभी राहिली. पहिलं महायुद्ध संपल्यावर घरी जायची वाट बघत असलेल्या सैनिकांच्या संघांत १९१९ साली किंग्ज कप झाला, तो न्यूझीलंडच्या सैनिकांनी नेला. २०११ पासून वर्ल्ड कपच्या वर्षांत संरक्षण दलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही होते. ब्रिटिश भूदलात नोकरी करणारा, फिजीत जन्मलेला सेमेसा रोकोदुगुनी अफगाणिस्तानात जाऊन आला आणि २०१४ साली न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडकडून खेळला. अमेरिकी भूदलातली अधिकारी सॅमी सलिवन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं, ब्राँझ जिंकलेल्या संघात होती. सात नंबरच्या फोनवर रोकोदुगुनीचा फोटो होता. रोको विंगर, हा फ्लँकर; पण फोटोला जागेचं बंधन नसतं.

आधी पत्राचं

क्लब आपल्या खेळाडूला पगार देतो, म्हणून त्याला हवं तेव्हा बोलावतो. दलाच्या संघाचं तसं नाही. खेळाडू युनिटचा असतो, संघ त्याला उसना घेतो. अमेरिकी भूदलात अर्जावर कमांडरची संमती लागते, मग ट्रायल कॅम्प, मग आंतरदलीय स्पर्धा. इतर देशांत कागदाचं नाव वेगळं असेल, पण अडचण सगळीकडे तीच. ट्रायलला चार दिवस सोडायला कोणी फारसं कुरकुरत नाही. स्पर्धेच्या तीन आठवड्यांचं विचारलं की मात्र सराव, तैनाती, कोर्स, सगळं एकदम आठवतं.

सात नंबर दोन्ही तारखा लिहिलेलं, सीओंच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, सहीचं पत्र घेऊन आला होता. आलेल्या ४१ जणांत असं पत्र निम्म्यांकडेही नव्हतं. मॅनेजरनं ते पत्र फाइलला लावलं आणि मला म्हणाला, "हा पोरगा गृहपाठ करून आलाय." खरं होतं. यासाठी त्यानं दोन महिने आधी अर्ज दिला होता आणि आपल्या जागी ड्यूटी कोण करणार हेही स्वतःच ठरवून सांगितलं होतं. पुढं जे झालं त्याच्या गडबडीत ही गोष्ट मागं पडली, पण माझ्या मते त्याच्या बाजूची ती सर्वांत भक्कम गोष्ट होती. जो येऊच शकत नाही त्याच्या टॅकलचं आम्ही काय करणार?

पहिल्या दिवशी ब्राँको, म्हणजे धावण्याची चाचणी. २० मीटर जाऊन परत, ४० मीटर जाऊन परत, ६० मीटर जाऊन परत, असा एक फेरा २४० मीटरचा. असे पाच, मध्ये श्वास घ्यायला थांबायचं नाही. एकूण १२०० मीटर आणि २९ वेळा मान टाकून वळणं. न्यूझीलंडच्या बोडन बॅरेटनं २०२० साली हे ४ मिनिटं १२ सेकंदांत केलं होतं. आमच्या सात नंबरला ४ मिनिटं ४९ सेकंद लागली. फॉरवर्ड्समध्ये तिसरा. चांगलीच वेळ.

लष्करातल्या पोरांचा दम हा लांबचा दम असतो. पाठीवर ओझं घेऊन एका लयीत तासन् तास चालायची सवय. रग्बीला तो दम लागतोच, पण त्याच्यावर आणखी एक लागतो: आपटायचं, उठायचं, पाच पावलं धावायचं, परत आपटायचं. आम्ही पॅडवर बारा टॅकलचा संच लावला. सहाव्यापर्यंत तो सुंदर करत होता, कंबर खाली, पाठ सरळ, पाय चालू. सातव्यापासून कंबर वर यायला लागली. दहाव्याला तो कमरेतून वाकून हातांनी पकडत होता आणि डोकं पॅडच्या समोर येत होतं. मी वहीत लिहिलं, 'दमला की डोकं पुढं.' ही ओळ पुढं महत्त्वाची ठरणार हे तेव्हा कळलं नाही. आणि त्याच पानावर त्याच्या खाली ती दुसरी ओळ लिहिली, हो म्हणतो ती.

का लिहिली? संच संपल्यावर मी विचारलं, "आणखी सहा?" बाकीचे माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. हा म्हणाला, "हो कोच." आणि केले. कुठल्याही प्रशिक्षकाला असं पोर आवडतं.

ट्रायलला एक रोग असतो, तोही पहिल्याच दिवशी दिसतो. प्रत्येकाला वाटतं, बॉल हातात असेल तरच मी दिसतो. विंगवरचा पोरगा पास द्यायचा सोडून तिघांच्या अंगावर जातो, ढकलण्याचं काम असलेला प्रॉप किक मारतो. निवडणारे मात्र बहुतेक वेळ बॉलपासून लांब बघत असतात: जमिनीवरून कोण किती लवकर उठतो, चुकीनंतर कोण दुसऱ्याकडे हात करतो, पाणी प्यायला कोण चालत जातो. सात नंबरला हा रोग फारसा नव्हता. रकवर, म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरच्या बॉलभोवती जी झोंबाझोंबी होते तिथं, तर तो चोख होता. आधी टॅकल झालेल्याला सोडायचं, आपल्या बाजूनं यायचं, स्वतःच्या पायांवर उभं राहून बॉलवर हात टाकायचा, हे त्याला सांगावं लागलं नाही. पहिल्या दिवशीच्या खेळात त्यानं तीन बॉल चोरले. संध्याकाळी मेजर म्हणाले, "हा आत."

मधल्या दिवसाची सकाळ

अडचण अशी होती की ओपनसाइड सात जण आले होते, आणि आम्हाला दोन हवे होते. उलट हुकर, म्हणजे स्क्रमच्या (आठ-आठ जण वाकून एकमेकांना ढकलतात त्या रचनेच्या) पुढच्या रांगेत मधोमध असणारे, तीन, त्यातल्या एकाची पोटरी पहिल्या दिवशीच गेली. २३ जणांच्या संघात पुढच्या रांगेची तिन्ही स्थानं (दोन प्रॉप, मध्ये हुकर) दुहेरी भरावी लागतात, म्हणजे बाकावरच्या आठपैकी तीन जागा प्रॉप-हुकरांनाच जातात. उरलेल्या पाचांत लॉक, बॅकरो, स्क्रमहाफ आणि मागचे. तिथं फक्त ७ नंबर खेळणाऱ्याला जागा मिळायची म्हणजे तो फारच असामान्य हवा. जो दोन ठिकाणी खेळतो त्याचं तिकीट लवकर फाटतं.

फ्लँकरचा हुकर करणं रग्बीत जुनंच आहे. अंगकाठी जुळते, रकवरचं काम जुळतं. म्हणून मेजरांच्या डोक्यात विचार आला यात काही गैर नव्हतं. सकाळी सातला, सगळे रिंगण करून उभे असताना, त्यांनी सात नंबरकडे बोट केलं.

"हुकर खेळलायस ना?"

"हो सर."

त्या 'ना'नं अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं खांद्यावरच्या पट्टीनं. चाळीस जणांसमोर कॉर्पोरलनं मेजरला 'नाही' म्हणायचं, तेही ज्या प्रश्नात उत्तर आधीच घालून दिलंय अशा प्रश्नाला, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे.

मी त्याला स्क्रम मशिनवर घेऊन गेलो. दोन्ही बाजूंना अनुभवी प्रॉप दिले. हुकर मध्ये, दोन्ही हात दोन्ही प्रॉपच्या पाठीवरून घेऊन बांधलेला, म्हणजे पडला तर स्वतःला सावरायला हात मोकळा नाही. हे लक्षात घेतलं की पुढचं कळतं. मी म्हणालो, "क्राउच." तिघं वाकले. प्रॉप्सच्या पाठी टेबलासारख्या, मान वर, नजर समोर. सात नंबरची हनुवटी छातीला टेकली होती. खांदे कमरेच्या खाली गेले होते. डोक्याचा वरचा भाग मशिनच्या पॅडकडे, सरळ.

'बाइंड' मी म्हणालोच नाही. "उभे राहा," म्हणालो.

२०१३ पासून स्क्रमची हाक 'क्राउच, बाइंड, सेट' अशी तीन टप्प्यांची आहे, ती धडकेचा जोर कमी करण्यासाठीच. तरी दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण ढकलायला लागले की तो भार पुढच्या रांगेच्या मानेतून जातो. हनुवटी छातीला लावून, डोकं खाली घालून कोणी त्यात गेला आणि स्क्रम कोसळला, तर मान दुमडते. म्हणून नियमच आहे की पुढच्या रांगेत योग्य प्रशिक्षण घेतलेलाच खेळाडू हवा. नसेल तर स्क्रम न ढकलता, नुसता उभा करायचा.

प्रॉप्सना मी पाणी प्यायला पाठवलं आणि त्याला विचारलं, "किती स्क्रम खेळलायस मध्ये?"

थोडा वेळ तो मशिनच्या पॅडकडे बघत राहिला. "दोन, कोच."

"खरे?"

"न ढकलायचे. आमचा हुकर बाहेर गेला होता, म्हणून मी नुसता उभा राहिलो."

"मग हो का म्हणालास?"

"सरांनी विचारलं."

यावर मी त्याला बरंच काही बोललो, त्यातलं बहुतेक आज बोललो नसतो. आज मला वाटतं, चूक दोघांची होती आणि मोठा वाटा विचारणाऱ्याचा. प्रश्न असा हवा होता: हुकर म्हणून किती सामने सुरुवातीपासून खेळलास, शेवटचा कधी, स्क्रम कोणी शिकवला? आणि तो एकट्याला बाजूला घेऊन. आकडा मागितला की माणूस आकडा सांगतो. होकार मागितला की होकार मिळतो. मेजरांना मी हे त्याच दुपारी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी इतकंच म्हणालो, "सर, तो हुकर तयार नाही." ते म्हणाले, "हो म्हणाला की!" आणि विषय तिथंच राहिला. म्हणजे मीसुद्धा तेच केलं, पट्टीसमोर अर्धं बोललो.

मधल्या दिवसाची दुपार

दुपारी ट्रायल सामना, ३० मिनिटांचे दोन हाफ, निळे बिब विरुद्ध पिवळे. सात नंबर निळ्यांत, त्याच्या नेहमीच्या जागी. सकाळचं भरून काढायचं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. पहिल्या हाफमध्ये तो प्रत्येक रकवर होता.

दुसऱ्या हाफच्या साधारण दहाव्या मिनिटाला पिवळ्यांचा आठ नंबर, चांगला धिप्पाड गडी, स्क्रमच्या मागून बॉल उचलून निघाला. सात नंबर समोरून गेला. टॅकल करताना डोकं धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला जायला हवं. त्याचं पुढच्या बाजूला गेलं. कानशिलावर समोरच्याचं कमरेचं हाड बसलं. आठ नंबर पडला, हाही पडला, आणि हा लगेच उठला. कडेनं टाळ्या पडल्या.

उठला तो पिवळ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. गुडघ्यांवर हात, नजर समोर, आपल्याच संघाच्या विरुद्ध बचावाला तयार. पिवळ्यांच्या स्क्रमहाफनं त्याच्या खांद्याला धरून निळ्यांकडे ढकललं. हशा पिकला. मीही हसलो, हे इथं लिहून ठेवतो.

फिजिओ मॅडम हसल्या नाहीत. रेफरीच्या शिट्टीची वाट न बघता त्या मैदानात शिरल्या. तोवर सात नंबरनं पुढचा टॅकल केलाही होता, आणि तो अगदी नीट होता. ही गोष्ट पुढं त्यानं स्वतःच्या बाजूनं मांडली.

त्यांनी विचारलं, "आपण कुठल्या मैदानावर आहोत?" बरोबर सांगितलं. "कुठला हाफ चालू आहे?"

"पहिला."

"शेवटचा स्कोअर कोणी केला?"

"आम्ही." पिवळ्यांनी केला होता.

"मी बरा आहे, मॅडम. खरंच. जरा धाप लागलीय."

त्यांनी त्याच्या अंगातलं बिब काढून स्वतःच्या हातात घेतलं. ही त्यांची जुनी सवय. म्हणतात, बिब हातात असलं की वाद लवकर संपतो. यानं तरी वाद घातला. एकच टॅकल, एकच दिवस, वर्षभर वाट बघितली, दहा मिनिटांनी परत बघा, टीव्हीवर तर तपासून परत पाठवतात. टीव्हीवर दिसतं ते खरं असतं, पण ती तात्पुरती बदली आणि तपासणीची व्यवस्था वरच्या दर्जाच्या, मान्यता मिळालेल्या स्पर्धांपुरती असते, तिथं प्रशिक्षित डॉक्टर आणि व्हिडिओ असतो. बाकी सगळीकडे वर्ल्ड रग्बीचा नियम साधा आहे: मेंदूला धक्का बसल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. सिद्ध व्हावं लागत नाही, शंका पुरते. त्यानंतर टप्प्याटप्प्यानं परतायचं, आणि सामन्यात उतरायचं ते लवकरात लवकर २१ व्या दिवशी, तेही लक्षणं नसतील तर.

लष्करातल्या माणसाला हे पचायला सर्वांत जड जातं असा माझा अनुभव आहे. घोटा मुरगळला, बोट सुजलं, तरी पुढं चालत राहायचं हे त्याच्या अंगात मुरवलेलं असतं, आणि त्याच्या कामात ते लागतं. घोट्याच्या बाबतीत ते चालतंही, कारण घोटा किती दुखतोय हे डोकं ठरवतं. इथं ठरवणारंच दुखावलंय. सात नंबर खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच बरं वाटत होतं, पिवळ्यांच्या रांगेत उभं असतानासुद्धा.

संध्याकाळी मॅडमच्या खोलीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. ट्रायलच्या १६ दिवस आधी युनिटच्या सरावात त्याचं डोकं असंच एकदा आपटलं होतं. दोन दिवस डोकं दुखलं, उजेड नकोसा झाला, आणि त्यानं कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ट्रायलची तारीख त्या २१ दिवसांच्या आतच पडली असती. त्यानं कॅलेंडर मोजलं होतं.

आता तो मॅडमना विनवत होता, "युनिटला कळवू नका." त्याची भीती साधी होती: सीओ म्हणतील, पाठवला तर डोकं फोडून आला, पुढच्या वर्षी पाठवणार नाही. ज्या पत्रासाठी दोन महिने घालवले तेच पत्र परत मिळणार नाही. मॅडमचं म्हणणं त्याहून साधं होतं. हा माणूस परवा परत जाऊन गाडी चालवणार, रायफल हाताळणार, रात्रीचा पहारा करणार. तिथल्या डॉक्टरांना माहीत नसेल तर ते त्याला फिट धरून चालतील. त्यांनी त्याच रात्री युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवलं, आणि कळवते आहे हे आधी त्याला तोंडावर सांगितलं. तो रडला. मी दाराशी उभा होतो, काही बोललो नाही.

बैठक

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं बसलो. मॅडम कोपऱ्यात. बाकीच्या चाळिसांचं दीड तासात उरकलं, याच्यावर पाऊण तास गेला. खरं तर जायला नको होता. २१ दिवसांच्या हिशेबानं तो स्पर्धेचा पहिला सामना खेळूच शकत नव्हता, आणि १६ दिवसांत दोन धक्के म्हटल्यावर डॉक्टर आणखी सावध राहणार हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की त्याच्या नावापुढं काय लिहायचं.

मेजर चिडलेले होते. "दोनदा फसवलं. काल सकाळी हुकर म्हणून, आणि डोक्याचं तर येण्याआधीच. ज्याच्या शब्दावर भरवसा नाही त्याला मी रांगेत उभा करणार नाही." मॅनेजरचं म्हणणं, पोरगं हट्टी आहे, पण हेच हट्टी पोर पुढं कामाला येतं, पुढच्या वर्षी बोलवा.

माझी पाळी आली तेव्हा मी वही उघडली आणि पहिल्या दिवसाची ती ओळ वाचली. मग आदल्या दिवशी जे पोटात ठेवलं होतं ते बोललो. म्हणालो, "सर, तुम्ही 'ना' लावून विचारलंत. मी दमलेल्याला आणखी सहा टॅकल करायला लावले आणि हो म्हणाला म्हणून शाबासकी दिली. तीन दिवस आपण सगळे त्याला हो म्हणायचे गुण देत होतो. त्यानं तेच केलं." हे बोलायला सोपं गेलं नाही, आणि मेजरांना ऐकायलाही नाही. पण त्यांच्याविषयी एक सांगायला हवं: ते गप्प बसले, आणि मग म्हणाले, "डोक्याचं मी विचारलं नव्हतं." ते बरोबर होतं. ते खापर फक्त प्रश्नावर फुटत नाही. १६ दिवसांपूर्वीचा धक्का लपवणं हा सात नंबरचा स्वतःचा निर्णय होता, आणि त्यात धोका त्याच्या एकट्याचा नव्हता. समोरच्या आठ नंबरला काय माहीत, की आपण कुणाच्या डोक्यावर धावून चाललोय?

शेवटी ठरलं: यंदा नाही. पुढच्या वर्षी ट्रायलला बोलवायचं, हुकर म्हणून, आणि तेही वर्षभरात खरोखर हुकर खेळला तर. आमच्याकडे यादी फळ्यावर लावायची पद्धत होती; नाव नसलेले आपापल्या बॅगा उचलून निघून जात. याला मेजरांनी स्वतः बोलावून सांगितलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पाच मिनिटांत तो बाहेर आला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गाडीकडे गेला. बॅग दुसऱ्यानं उचलली होती, मॅडमचा हुकूम.

त्याच आठवड्यात मी ट्रायलचा फॉर्म बदलला. 'इतर कोणत्या स्थानावर खेळू शकता?' हा रकाना काढला. त्याजागी गेल्या दोन हंगामांत कोणत्या स्थानावर किती सामने सुरुवातीपासून, हे आकड्यात. आणि गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार बसला का, हा प्रश्न युनिटच्या डॉक्टरांच्या सहीसाठी. यामुळं लपवणारे लपवायचे थांबतील असं मी म्हणणार नाही. सही आणायला जावं लागतं, एवढं मात्र झालं.

पुढचं त्याच्याकडून आणि त्याच्या क्लबच्या प्रशिक्षकाकडून कळलं ते असं. सीओ रागावले नाहीत. त्यांनी मॅडमच्या अहवालाची प्रत मागवली आणि त्याला महिनाभर बिनगाडीची ड्यूटी दिली. दुसऱ्या आठवड्यातही जिना चढताना डोकं ठणकायचं, त्यामुळं २१ दिवसांचे जवळजवळ सात आठवडे झाले. मग त्यानं एका क्लबात एका म्हाताऱ्या, म्हणजे अडतिशीच्या, टाइटहेडला (उजवीकडच्या प्रॉपला; डावीकडचा तो लूजहेड) गाठलं. त्यानं याला मशिनजवळ तीन आठवडे फिरकू दिलं नाही. आधी एकास एक, गुडघे टेकून, नुसती मान आणि पाठ. मग तिघांस तीन. मग पाच. मग आठ. लाइनआउटचा थ्रो, म्हणजे कडेबाहेर गेलेला बॉल परत आत फेकणं, हे हुकरचं काम; तो थ्रो तो रोज टाकायचा, भिंतीवर खडूनं काढलेल्या वर्तुळावर, शंभर.

पुढच्या ट्रायलला मेजर तेच होते. या वेळी त्यांनी त्याला रिंगणाबाहेर बाजूला घेतलं. मी जवळच कोन लावत होतो.

"हुकर म्हणून किती सामने?"

"१४, सर. १२ सुरुवातीपासून."

"लूजहेडला उभा राहशील गरज पडली तर?"

"नाही सर. शिकलेलो नाही."

मेजरांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराकडे वळले.

त्या वर्षी त्याला १६ नंबर मिळाला, म्हणजे बाकावरचा हुकर. पहिल्या सामन्यात शेवटची ११ मिनिटं तो मैदानात होता. त्याचा पहिलाच लाइनआउट थ्रो वाकडा गेला आणि बॉल समोरच्यांना मिळाला. दुसरा सरळ गेला.